पँटची शिलाई, नग एक

"चारशे पन्नास," मेहबूबभाईंनी कापडावरची नजर न काढता सांगितलं. "लिवा ताई. मागल्या म्हयन्यात तेच व्हतं, त्याच्या मागल्यातबी तेच."

"पुरुषाची साधी पँट. कापड गिऱ्हाइकाचं, चेन-बटण-अस्तर तुमचं?" अश्विनीने नेहमीचा प्रश्न नेहमीसारखाच वाचून दाखवला.

"व्हय. समदं तेच."

तिने टॅबवर आकडा भरला. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आळे गावातल्या ठरलेल्या दुकानांतून भाव लिहून न्यायचे, हे तिचं काम. काम सरकारी, नेमणूक कंत्राटी. मंचरहून ती स्कूटीवर यायची. किराणा दुकानात तेल, तूरडाळ, साबण, मेडिकलमध्ये गोळ्या, सलूनमध्ये दाढी, आणि मेहबूबभाईंकडे पँटची शिलाई. दुकान तेच, वस्तू तीच, फक्त भाव बदलला का ते बघायचं. अशा कितीतरी गावांतले भाव एकत्र करून देशातली महागाई किती वाढली, किती उतरली ते काढतात, हे तिने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून आकडा सांगताना मेहबूबभाई मशीनवर जरा ताठ बसत.

"बघ पोरी," दुकानासमोरच्या बाकावरून गेणभाऊ म्हणाले, "एका पँटीला साडेचारशे. आन माझी पेन्शन एकोणीसशे. म्हंजे म्हयनाभर जगायचं, त्याच्या पाच पँटी बी व्हत न्हाईत. ह्याला म्हंत्यात महागाई."

गेणभाऊंनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. पेन्शन बांधली त्या दिवशी एकोणीसशे होती, आजही एकोणीसशेच. मुलाची दीड एकर शेती होती, घर चालत होतं, पण बायकोच्या, ठमाबाईंच्या, बीपीच्या गोळ्या ते पेन्शनमधूनच आणत. मुलाकडे मागत नसत. रोज सकाळी दहाला ते बाकावर येऊन बसायचे, पेपर उघडायचे, त्यातली भाववाढीची बातमी शोधून मोठ्याने वाचायचे आणि मेहबूबभाई काही बोलतात का याची वाट बघायचे.

मेहबूबभाई बोलायचेच.

"गेणभाऊ, महागाई वाईटच. पर भाव पडणं त्याच्यापेक्षा वाईट."

"स्वस्ताई कधी वाईट असती का रे?"

"असती. कांद्याला तीस रुपये व्हते त्या साली दिवाळीला माझ्याकडं साठ पँटी पडल्या व्हत्या. रातचा दिवस केला मी. तेलाचा डबा लई महाग व्हता तवा, पर कोनी कुरकुरलं न्हाई. आन कांदा सहा रुपयावर आला त्या साली तेल बी उतरलं व्हतं. स्वस्ताई व्हती, पर माझ्याकडं अकरा पँटी आल्या. अकरा." त्यांनी मशीन थांबवलं. "महागाईत मानूस ओढाताण करतो, पर त्याचे हात चालू ऱ्हातात. भाव पडला की हात थांबतात."

"तुझे चालतात रे. माझे थांबूनच गेलेत. थांबल्याल्या हातानं महागाई खायची कशी, सांग की."

 मेहबूबभाई थोडा वेळ शिवण घालत आणि मग दुसरीकडून सुरू करत.

"आमच्या पोराचं, हमदानचं ऐका. चाकणला चांगला पगार हाय, दोन वर्सं झाली, टीव्ही घेईना. का, तर म्हने अजून उतरंल. आता समदी दुनियाच अशी वाट बघत बसली तर टीव्हीवाल्यानं काय करायचं? त्यो कामगार काढतो. त्यो कामगार मग पँट शिवत न्हाई. फिरून माझ्यावरच येतंय ना?"

"तू टीव्हीवाल्याची काळजी कर. मी गोळ्यांची करतो." गेणभाऊ अश्विनीकडे वळले. "तू शिकल्याली हायेस. सांग बरं, धोका कशात जास्त? भाव चढन्यात का पडन्यात?"

"मला मत द्यायचं नसतं बाबा. मी फक्त लिहिते."

"ही बरी हाय," गेणभाऊ म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

हे दोन वर्षं चाललं होतं. अश्विनीला हे दुकान यादीतलं सगळ्यात आवडतं. बाकी ठिकाणी लोक "पुन्हा आल्या का" अशा नजरेने बघत. इथे बसायला जागा मिळे, आणि मागच्या घरातून मेहबूबभाईंच्या बायकोच्या, गुलशनच्या, मशीनचा आवाज येत राही. गुलशन ब्लाऊज शिवायची. तिच्याकडे मात्र बायकांची रांग असायची. अस्तराच्या ब्लाऊजचे तिने दीडशेवरून साडेतीनशे केले तरी रांग हटली नव्हती, कारण ब्लाऊज अंगावर बसायला लागतो आणि तयार मिळणारा बसत नाही.

"घर एक," मेहबूबभाई एकदा म्हणाले होते, "पर तिच्या मशीनवर महागाई हाय आन माझ्या मशीनवर मंदी."

ते हसत म्हणाले होते, म्हणून अश्विनीने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

सप्टेंबरातल्या गुरुवारी ती आली तेव्हा गेणभाऊ बाकावर होतेच. तिने प्रश्न वाचला, मेहबूबभाई म्हणाले, "चारशे पन्नास," आणि ती आकडा टाकत असतानाच पप्पू आला. गावातलाच, पिकअप चालवणारा. मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेऊन परत येत असावा, कपड्यांवर तो वास होता. मेहबूबभाईंनी त्याच्या दोन पँटी घडी घालून पिशवीत ठेवल्या. पप्पूने दोनशेच्या तीन नोटा काढून मशीनच्या फळीवर ठेवल्या.

"सहाशे. बराबर ना भाई?"

मेहबूबभाईंनी मान हलवली. पप्पू गेला.

अश्विनीचं बोट टॅबवर तसंच राहिलं. गेणभाऊंनी पेपर खाली केला.

"ओळखीचा पोरगा हाय," मेहबूबभाई म्हणाले.

"हो, असेल," अश्विनी म्हणाली. मग हळूच विचारलं, "भाई, बाकीचे किती देतात?"

मेहबूबभाईंनी खडू उचलला, परत ठेवला. भिंतीवर रंगवलेली पाटी होती: पँट ४५०, शर्ट ३५०. ती त्यांनी स्वतः रंगवली होती, दोन कारागीर हाताखाली होते तेव्हा. जुन्नरला वडिलांच्या हाताखाली शिकून ते एकोणिसाव्या वर्षी आळ्यात आले होते. त्यानंतर गावातल्या पुरुषांची कंबर त्यांच्या वहीत होती. कोण लग्नानंतर सुटला, कोण आजारपणात उतरला, ते त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. मग जीन्स आली. मग आळेफाट्यावर तयार कपड्यांची दुकानं झाली आणि तीनशे नव्व्याण्णवला शिवलेली पँट टांगलेली दिसू लागली. कापड चारशेचं, शिलाई साडेचारशे, कोण देणार? एक कारागीर गेला, दुसरा गेला. मेहबूबभाईंनी कोणाला न सांगता चारशे घेतले, मग साडेतीनशे, मग तीनशे. पाटी मात्र पुसली नव्हती.

"तीनशे देत्यात," ते म्हणाले. "दीड वर्स झालं."

"मग मला तेच लिहायला लागेल."

"ताई, पाटीवरलं लिवलं तर न्हाई चालायचं? पाटी काय खोटी न्हाई. हाय की भिंतीवर."

"गिऱ्हाईक खरोखर जेवढे देतं तेवढेच लिहायचे असतात भाई."

"म्हंजे सरकारदरबारी लागंल की मेहबूब शिंप्याच्या हाताचा भाव उतरला."

"तुमचं नाव कुठेच जात नाही. सगळ्या गावांच्या भावात मिसळून जातं. त्यातून एकच आकडा निघतो."

 मागच्या घरातलं मशीन चालू होतं.

"मिसळून जातंय," मेहबूबभाई म्हणाले. "म्हंजे माझ्यासारखे दुसरे बी आसत्याल त्यात. त्यांनी समद्यांनी पाटीवरलं सांगितलं तर काय कळायचं कुनाला?" त्यांनी टेप गळ्यातून काढून फळीवर ठेवला. "तीनशे लिवा. कापडावर खोटं माप घेतलं न्हाई कधी. आता तोंडानं कशाला घ्यायचं."

तिने चारशे पन्नास पुसून तीनशे केलं. टॅबवर लाल चौकट आली. 'एवढा भाव उतरण्याचं कारण द्या.' खाली पर्याय होते. तिने 'मागणी कमी' निवडलं आणि स्क्रीन त्यांना दिसू नये अशी धरली. पण मेहबूबभाई तिकडे बघतच नव्हते. ते बाकाकडे बघत होते.

गेणभाऊ उठले होते. पेपराची घडी घालून त्यांनी ती बाकावर ठेवली आणि ते घरी गेले. अकरा वाजले होते. ते कधी एकच्या आधी जात नसत.

ऑक्टोबरात बाक रिकामा होता.

"येत न्हाईत," मेहबूबभाई म्हणाले. "दोनदा घरी गेलो. मळ्यात गेलेत म्हनल्या ठमावहिनी. मळ्यात काय करत्यात ह्या वयात?"  अश्विनीने तीनशे लिहिले आणि ती मेडिकलकडे गेली.

तिथे गेणभाऊ उभे होते. ठमाबाईंच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन ते मागची छापील किंमत डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते. तिला बघून ओशाळले. तिचे भाव लिहून होईपर्यंत थांबले आणि स्कूटीपर्यंत बरोबर आले.

"मेहबूब काय म्हनतो?"

"तुमची वाट बघतात."

"माझ्याकडनं तो पँटीचे दोनशे घेतो," गेणभाऊ म्हणाले. "चौदा वर्सं झाली. पेन्शन बांधली त्या दिशी गावात जो भाव व्हता, तोच. मी मागं एकदा वाढवून देत व्हतो तर म्हनला, तुमची पेन्शन वाढंल त्या दिशी तुमचा भाव वाढंल. मी बी घेतलं मुकाट. वाटायचं, बाकीच्यांकडनं साडेचारशे मिळत्यात त्याला, त्यात माझं काय एवढं."

त्यांनी गोळ्यांची पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"मला वाटायचं मी एकलाच खाली चाललोय आन तो वर. म्हनून भांडायचो त्याच्याशी. त्यो माझ्याबी खाली गेला, आन रोज समोर बसून मी त्यालाच महागाई वाचून दाखवत व्हतो."

"त्यांनी तरी कुठे सांगितलं तुम्हाला?"

"त्यो न्हाई सांगायचा. पर मला दिसाया नको? एकतीस वर्सं काट्यावर व्हतो. उसाची गाडी नुसती बघून वजन सांगायचो." त्यांनी स्कूटीकडे बोट दाखवलं. "जा तू. उशीर व्हईल तुला."

नोव्हेंबरात दिवाळी होऊन गेली होती. अश्विनी पोचली तेव्हा दुकानातून आवाज येत होते. आधी तिला वाटलं भांडण लागलंय.

कापणीच्या टेबलावर पँटचे दोन कापडतुकडे पसरलेले होते, एक तपकिरी, एक राखाडी. लग्नातल्या आहेरात मिळालेले. घराघरात असे तुकडे ट्रंकेत पडून असतात, कोणी शिवत नाही, पुढच्या लग्नात पुढे दिले जातात. गेणभाऊंनी ते बाहेर काढले होते.

"साडेचारशे परमानं नऊशे," गेणभाऊ म्हणत होते. "पाटीवर हाय ते घे."

"दोनशे परमानं चारशे. न्हाईतर कापड उचला."

"मी उचलत न्हाई."

"मग मी शिवत न्हाई."

"अरे, तूच म्हनायचास ना, भाव पडला की मानूस मरतो? मी चढवतोय तर तू पाडाया लागलास."

"आन तुमी म्हनायचा ना महागाईनं मारलं? आता सोताच्या हातानं वाढवून घेताय."

दोघांचंही तोंड लाल झालं होतं. मेहबूबभाईंची टोपी मागे सरकली होती. आतल्या दारात गुलशन येऊन उभी होती, हातात कोणाचा तरी अर्धवट ब्लाऊज. ती अश्विनीला म्हणाली, "दहा वाजल्यापास्नं चाललंय. चा दोनदा निवला."

अश्विनी बाकावर बसली. टॅब मांडीवर ठेवला. "तुमचं ठरलं की सांगा," ती म्हणाली. "मला आजच्या तारखेला भाव लिहायचाय."

दोघं तिच्याकडे बघायला लागले. गेणभाऊंना पहिल्यांदा हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं.

"गावाकडनं काय घेतोस तू?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"ते ठाव हाय तुमाला."

"तुझ्या तोंडानं सांग."

"तीनशे."

"मग माझे बी तीनशे. साडेचारशे नको, दोनशे नको. मी या गावातलाच हाय का न्हाई? गावाला जो भाव, तो मला."

मेहबूबभाईंनी गुलशनकडे बघितलं. ती ब्लाऊजची शिवण उसवत आत गेली. त्यांनी टोपी सारखी केली. टेप घेतला आणि गेणभाऊंना उभं केलं. कंबर मोजून वहीतला आकडा बघितला.

"दोन इंच उतरलाय."

"खातोय कमी," गेणभाऊ म्हणाले. "महागाई."

"आता गप बसा."

अश्विनीने तीनशे लिहिले. या वेळी लाल चौकट आली नाही. मागच्या महिन्याचा भाव आणि या महिन्याचा भाव सारखाच होता.

त्या दोन पँटी शिवून झाल्यावर मेहबूबभाईंनी पाटी पुसली. रंग आणून स्वतःच पुसली, शिवायला नवी पँट घेणं थांबवलं, आणि जानेवारीत गुलशनचं मशीन मागच्या घरातून पुढे दुकानात आलं. आता तिथे ब्लाऊज, फॉल, पिको. मेहबूबभाईंचं मशीन आळेफाट्यावर गेलं, तयार कपड्यांच्या एका दुकानाच्या दारात. विकलेल्या पँटची लांबी कमी करायची, कंबर आवळायची, चेन बदलायची. हे त्यांनी एका गुरुवारी अश्विनीला निवांत सांगितलं, जसं एखाद्याने बदली झाल्याचं सांगावं.

"तुम्ही का नाही ब्लाऊज शिकत?" तिने विचारलं होतं. "दोघांचं मिळून चालेल की."

"न्हाई जमायचं. उभा जन्म पुरुषाचं माप घेतलं. ह्या वयात हात दुसरीकडं वळत न्हाई." मग म्हणाले, "आन ती पुढं बसली की मला तिच्या हाताखाली काज-बटण करायला लागंल. तिला ते आवडायचं न्हाई. माझ्यापेक्षा तिलाच जास्त लागंल ते."

नियमाप्रमाणे अश्विनीने 'दुकान बंद' नोंदवलं आणि त्या जागी दुसरा शिंपी शोधायला निघाली. आळ्यात पँट शिवणारा दुसरा कोणी मिळाला नाही. शेवटी तिने वर कळवलं, आणि यादीतली ती ओळ दुसऱ्या गावाकडे गेली.

मार्चमध्ये आळ्यातली दुकानं संपवून मंचरला परत जाताना ती फाट्यावर थांबली. नाशिककडे जाणाऱ्या एसट्या, नगरकडून आलेले ट्रक, रसवंतीची घुंगरं, सगळ्याचा एकच कालवा होता. कपड्यांच्या दुकानाबाहेर बाहुल्यांना पँटी घातलेल्या होत्या. दारात मेहबूबभाई होते. मशीनशेजारी कापून काढलेल्या पायांच्या तुकड्यांचा ढीग होता, निळे, काळे, खाकी. शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर गेणभाऊ बसले होते. आळ्याहून जीपने यायला-जायला चाळीस रुपये पडतात. ते आठवड्यातून एकदा येतात, असं मेहबूबभाईंनी सांगितलं.

"एकदाच," गेणभाऊ म्हणाले. "जीपवाल्यानं भाडं वाढवलं तर पंधरा दिसांनी येनार."

"आन उतरवलं तर?"

"उतरवलं तर रोज येईन. मग तुझं काम व्हायचं न्हाई."

"बघा ताई," मेहबूबभाई म्हणाले, "समदं उतरल्यालं चांगलं नसतं, आता हे बी म्हनाया लागले."

अश्विनी हसली. "इथला भाव काय?"

"लांबी कमी करायचे चाळीस. तुमच्या यादीत हाय का?"

"नाही."

"मग निवांत बसा."

एवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर दुकानातून बाहेर आला. नवी पँट अंगावरच घातलेली, पाय जमिनीवर लोळत होते. गाडी चालू ठेवूनच आला होता. तो म्हणाला, "चाचा, अंदाजानं चार बोटं कापा, घाई आहे."

मेहबूबभाई मशीनला हात टेकून उठले आणि त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसले. तोंडात दोन टाचण्या धरल्या. पँटचा पाय वर दुमडला, मागे सरकून बघितला, पुन्हा सोडला. ड्रायव्हर मान वळवून आपल्या गाडीकडे बघत होता.

"पावणं," मेहबूबभाई टाचण्यांमधून म्हणाले, "सरळ उभं ऱ्हा. वाकलं की माप चुकतंय."

ड्रायव्हरने खाली बघितलं. मग त्याने खांदे मागे घेतले, दोन्ही हात बाजूला सोडले आणि तो सरळ उभा राहिला. मेहबूबभाईंनी टेप लावला आणि खडूने बारीक रेघ ओढली.